ढेकणांसाठी बोलावलं, तर आधी दीड तास नुसतं बघत होते

पुण्यात कर्वेनगरला माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर चार खोल्या आहेत, त्यात नऊ मुली राहतात. चौदा वर्षं हे करतेय. गाद्या, चादरी, पाणी, डबा, सगळं माझ्याकडे. त्यामुळे जुलैत मुलींच्या हातापायांवर चट्टे उठायला लागले, तेव्हा सगळ्यात आधी माझी झोप उडाली. पेस्ट कंट्रोल करणाऱ्या या काका-पुतण्यांना मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बोलावलं. त्यांची तिसरी फेरी होऊन आज नऊ आठवडे झाले. मुद्दाम इतके दिवस थांबून लिहितेय, कारण ढेकणांच्या बाबतीत आठ दिवसांत लिहिलेल्या कौतुकाला काही किंमत नसते, हे मी पैसे घालवून शिकले आहे.

आधी झालं काय ते सांगते. पहिल्यांदा आम्ही डास समजलो. खिडक्यांना जाळ्या बसवल्या, दोघींना मच्छरदाण्या आणून दिल्या. एका मुलीला डॉक्टरांनी अ‍ॅलर्जी म्हणून गोळ्या दिल्या. मग एक दिवस नांदेडची मुलगी चादर घेऊनच खाली आली. गादीच्या शिवणीकडच्या कडेला बॉलपेन टेकवल्यासारखे काळे ठिपके होते. ओल्या फडक्यानं पुसले तर तपकिरी होऊन पसरले. ते बघितलं आणि मला लहानपणीचं साताऱ्याचं घर आठवलं. आजी दर उन्हाळ्यात बाज अंगणात काढून आपटायची आणि खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायची. ढेकूण! चाळीस वर्षांत हा शब्द माझ्या घरात कोणी उच्चारला नव्हता.

यापुढे जे झालं ते ढेकणांपेक्षा वाईट होतं. जूनमध्ये एक नवीन मुलगी आली होती. तिच्या गावाचं नाव इथे लिहीत नाही. तिच्या अंगावर एकही चट्टा नव्हता. बाकीच्यांनी लगेच हिशेब मांडला, की हिला चावत नाहीत, म्हणजे हिच्याच बॅगेतून आलेत, हिला सवय आहे. त्या पोरीनं सगळे कपडे दोनदा गरम पाण्यातून काढले, ट्रंक गॅलरीत ठेवली, आणि रात्री खुर्चीवर बसून झोपायला लागली. मला हे कळायला आठ दिवस लागले.

मी घाईघाईनं एका पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलं. त्यांचं नाव घेत नाही. दोन मुलं आली, वीस मिनिटांत चारही खोल्यांत फवारा मारला आणि निघाली. पलंग हलवले नाहीत, गाद्या उलटल्या नाहीत. औषध कोणतं विचारलं तर “हर्बल आहे, मॅडम”. हर्बलला असा डोकं उठवणारा वास येतो का, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. जाताना त्यांनी एका पलंगाखालचा लाकडाचा भुसा दाखवला, खिडकीत पडलेले पंख दाखवले आणि “तुमच्याकडे वाळवी आहे, अठरा हजार होतील” असं सांगितलं. दहाव्या दिवशी मुलींना पुन्हा चावायला लागलं.

मग आमच्या दूधवाल्यानं या काकांचा नंबर दिला.

पहिल्या दिवशी ते सांगितल्यापेक्षा दोन तास उशिरा आले, हे लिहायलाच हवं. मुली सुट्टी टाकून थांबल्या होत्या. पण आल्यावर त्यांनी पंप गाडीतच ठेवला. वर आणलं ते एवढंच: बॅटरी, पांढरी चिकटपट्टी, एक भिंग आणि जुनं एटीएम कार्ड. मी म्हटलं, चट्टे बघा मुलींच्या हातावरचे. काका म्हणाले, “ताई, चाव्यावरून किडा ओळखायला गेलं की फसायला होतं. डास, ढेकूण, पिसू, सगळ्यांचे चट्टे सारखेच दिसू शकतात. मला किडा हातात पाहिजे.” आणि मग दीड तास दोघं बघत राहिले. गाद्यांच्या शिवणी, पलंगाच्या पाट्यांमधल्या फटी, स्क्रूची भोकं, पडद्याच्या दांडीची टोकं, स्विचबोर्डाची कड, पुस्तकांच्या बांधणीतली पोकळी. प्रत्येक पलंगाला नंबर दिला आणि सापडलेलं वहीत लिहिलं.

तिसऱ्या नंबरच्या पलंगाच्या डोक्याकडच्या फळीला सनमायका आहे. त्याची कड थोडी सुटली होती. काकांनी त्या फटीतून एटीएम कार्ड हळूच सरकवलं. कार्डाच्या टोकावर तीन-चार ढेकूण बाहेर आले. त्यांनी ते चिकटपट्टीवर घेतले आणि भिंग माझ्या हातात दिलं. जवसाच्या दाण्याएवढा, तसाच चपटा, तांबूस तपकिरी. पंख नाहीत, सहा पाय. एकाचं पोट भरलेलं होतं, तो लांबट आणि काळपट लाल झाला होता. बाजूला त्यांच्या पिल्लांनी टाकलेली कात होती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पारदर्शक, लहान-मोठ्या सगळ्या मापांची. आणि फटीच्या आत पांढरी अंडी, खसखशीच्या दाण्याएवढी पण जरा लांबट, चिकटवून ठेवल्यासारखी. काकांनी नखानं खरवडून दाखवलं, सहज सुटली नाहीत. त्या फळीला एक वास होता, गोडसर आणि कुबट. तो वास मी महिनाभर घेत होते आणि ओल समजत होते.

मुली दारात उभ्या होत्या. काकांनी त्यांना शांतपणे समजावलं. ढेकणाचं पिल्लू मोठं व्हायच्या आधी पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक वेळी त्याला रक्त लागतं. सगळं नीट मिळालं तरी त्याला महिना-दीड महिना लागतो. या फळीत मोठे, लहान, अंडी, कातीचा ढीग आणि वाळून काळे झालेले डाग असं सगळं एकावर एक साचलंय. म्हणजे इथे त्यांच्या दोन-तीन पिढ्या झाल्यात. “हा पलंग कधी आणला?” त्यांनी विचारलं.

फेब्रुवारीत. मी आणला होता. जुन्या फर्निचरच्या दुकानातून, चार हजाराला, कारण नववी मुलगी घ्यायची होती.

नवीन मुलीच्या पलंगात त्यांना दोन पिल्लं सापडली, जुने डाग एकही नाही. तिच्या ट्रंकेत काहीच नाही. आणि तिला चट्टे का नाहीत, तर ढेकूण चावला तरी काही जणांच्या अंगावर अजिबात खूण उमटत नाही, काहींना कित्येक दिवसांनी उमटते. एकाच गादीवर झोपणाऱ्या नवरा-बायकोत एकाच्या अंगावर चट्टे आणि दुसऱ्याला पत्ताच नाही, असं त्यांनी कितीदा पाहिलंय. ढेकूण घाणीमुळे येत नाहीत, सामानाबरोबर येतात, हेही त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. त्या संध्याकाळी मी नऊही जणींना खाली जेवायला बसवलं आणि म्हटलं, हे ढेकूण मी आणलेत, हिनं नाही. ती पोरगी ताटावरच रडायला लागली. बाकीच्यांनी तिची माफी मागितली. या एका गोष्टीसाठी मी या काकांचे उपकार विसरणार नाही. फवारा कोणीही मारतो. त्यांनी बघितलं, म्हणून एका मुलीवरचा आळ गेला.

आता कामाचं सांगते. चार खोल्यांच्या तीन फेऱ्या मिळून 6,500 रुपये घेतले. एका फेरीत जातात का, असं मी विचारलं तर स्पष्ट नाही म्हणाले. अंड्यांवर औषधाचा फारसा परिणाम होत नाही. ती आठ-दहा दिवसांत फुटतात, तेव्हा बाहेर आलेल्या पिल्लांसाठी दुसरी फेरी लागतेच. आधीच्या लोकांच्या फवाऱ्यानंतर दहाव्या दिवशी पुन्हा चावायला का लागलं, ते मला तेव्हा उमगलं.

पहिल्या फेरीत आधी व्हॅक्यूम, मग वाफेचं यंत्र. पुतण्या वाफेचं तोंड शिवणीवरून इतकं हळू फिरवत होता की बघणाऱ्याचा धीर सुटावा. पण घाई केली तर वरचं कापड गरम होतं आणि आतला ढेकूण जगतो. वाफेनं अंडीसुद्धा मरतात. आजीचं उकळतं पाणी म्हणजे हेच की! त्यानंतर औषध, तेही फक्त फटीत, सांध्यांत आणि पलंगाच्या खालच्या बाजूला, झोपायच्या जागेवर नाही. औषधाची बाटली त्यांनी स्वतःहून पुढे केली. इमिडाक्लोप्रिड आणि बीटा-सायफ्लुथ्रिन असे दोन घटक होते. दोन का, तर नेहमीच्या ‘थ्रिन’वाल्या औषधांना ढेकूण आता बऱ्याच ठिकाणी दाद देत नाहीत.

बाटलीवरच्या रंगीत त्रिकोणाचा अर्थही त्यांनीच सांगितला: लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. इतकी वर्षं मी झुरळांचे फवारे आणतेय, तो त्रिकोण कधी बघितला नव्हता. आपल्या घरात औषध मारायला जो येईल त्याला लेबल दाखवायला सांगा, आणि परवाना विचारा. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली या कामाला परवाना लागतो. यांच्या बिलावर परवाना क्रमांक छापलेला आहे. फक्त पहिल्या बिलावर औषधाच्या जागी नुसतं ‘पेस्ट कंट्रोल’ लिहिलं होतं. मी म्हटल्यावर घटकांची नावं लिहून दिली. ती न मागता लिहायला हवीत. घरात कोणाला त्रास झाला तर डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

मुलींना त्यांनी दिलेल्या सूचना फार मोलाच्या होत्या. पहिली, खोली बदलून झोपू नका. आमच्या दोघी हॉलमध्ये झोपायला गेल्या होत्या. माणूस हलला की ढेकूण त्याच्या मागे येतात, आणि जी खोली स्वच्छ होती तीही जाते. दुसरी, पलंग भिंतीपासून वीतभर लांब, चादर जमिनीला टेकता कामा नये. तिसरी, कपडे आणि चादरी मशीनमध्ये 60 अंशांवर, आणि जे धुता येत नाही ते कोपऱ्यावरच्या लाँड्रीतल्या ड्रायरमध्ये अर्धा तास. उन्हाचं विचारलं तर म्हणाले, पुण्याच्या ऑगस्टमध्ये ऊन आहे कुठे? धुतलेले कपडे पिशवीत तोंड बांधून, तिसऱ्या फेरीपर्यंत. नऊ मुलींचे कपडे! जवळजवळ चार आठवडे माझ्या जिन्यात पिशव्यांची रांग होती.

बाराव्या दिवशी दुसरी फेरी झाली. त्यात चार पिल्लं सापडली, तीन पडद्याच्या दांडीच्या टोपणात आणि एक नर्सिंगच्या जाड पुस्तकाच्या पाठीत. त्यानंतर पंधरा दिवसांनी तिसरी, त्यात काहीही नाही. तरी त्यांनी सगळ्या जागा पुन्हा बघितल्या, वही काढून, नंबरप्रमाणे.

तिसऱ्या नंबरचा पलंग ठेवू का टाकू, असंही मी विचारलं. त्यांना सहज टाका म्हणता आलं असतं. ते म्हणाले, फळी काढून वाफ द्या, सनमायका चिकटवून घ्या, पलंग चांगला आहे. रस्त्यावर ठेवलात तर दुसरं कोणीतरी उचलून नेईल आणि त्याच्या घरी हेच होईल. वाफेनं त्याच्या एका कडेचं प्लाय फुगलं, ते आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता त्या अठरा हजारांच्या वाळवीबद्दल. काकांनी पलंगाखालचा भुसा चिमटीत घेऊन चोळला. टाल्कम पावडरसारखा मऊ. वर लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं. हा लाकडातला भुंगा, ज्याला आपण घुण म्हणतो. वाळवी असा स्वच्छ भुसा सांडत नाही, ती मातीच्या नळ्या करून भिंतीवरून चढते. त्यांनी चौकटी, जिन्याखालची जागा, मीटरची पेटी, सगळीकडे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघितलं. कुठेही नळी नाही, पोकळ आवाज नाही. मग ते खिडकीतले पंख. ते मी कागदाच्या पुडीत जपून ठेवले होते, दोन अख्खे किडेही होते. भिंगाखाली धरून त्यांनी दाखवलं: पुढचे पंख मोठे, मागचे लहान, कंबर बारीक, मिशा कोपरातून वाकलेल्या. या पंखांच्या मुंग्या. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात, कंबर जाड आणि मिशा सरळ, मण्यांच्या माळेसारख्या. शिवाय पहिल्या पावसात दिव्यावर वाळवीची पाखरं आली तरी ती बाहेरून येतात, तेवढ्यावरून घर पोखरलंय असं होत नाही. घुणाच्या भोकांत त्यांनी सिरिंजनं औषध सोडून मेणानं बुजवलं. त्याचे 600 रुपये. अठरा हजारांच्या जागी सहाशे!

स्वयंपाकघरातल्या झुरळांचं कामही मग त्यांनाच दिलं. ओट्याच्या फडताळात लहान, फिकट, मानेवर दोन काळ्या रेघा असलेली झुरळं होती, आणि बाथरूममध्ये रात्री मोठी लाल झुरळं यायची. मला दोन्ही एकाच जातीची, लहान-मोठी वाटायची. ती वेगळी आहेत. रेघांचं ते जर्मन झुरळ, ते घरातच राहतं, आणि त्याची मादी अंड्यांची पिशवी, तीसेक अंडी घेऊन, ती फुटायच्या बेतात येईपर्यंत अंगालाच बाळगते. मोठं लाल झुरळ गटारातून चढतं. त्याला औषधापेक्षा नहाणी ट्रॅपची, म्हणजे बाथरूममधल्या पाणी जायच्या तोंडावरची, फुटलेली जाळी बदलणं जास्त उपयोगी. 120 रुपयांची जाळी आणि काम झालं. माझ्याकडची एक मुलगी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतेय. ती म्हणाली, नाव जर्मन असलं तरी 2024 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासाप्रमाणे हे झुरळ मूळचं आपल्याच बाजूचं, भारत किंवा म्यानमारमधलं, सुमारे 2,100 वर्षांपूर्वी आशियाई झुरळापासून वेगळं झालेलं. काकांना हे ऐकून इतका आनंद झाला की त्यांनी तिला दोनदा सांगायला लावलं.

जर्मन झुरळांसाठी जेल लावलं, फिप्रोनिलचं. अर्ध्या मुगाएवढे ठिपके, बिजागऱ्यांत, ड्रॉवरच्या मागे, फ्रिजच्या मोटरजवळ. झुरळ ते खाऊन बिळात जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि मेलेलं झुरळ बाकीची खातात, आणि तीही मरतात. म्हणून जेल लावल्यावर तिथे फवारा मारायचा नाही, फिनेलनं पुसायचं नाही. वासानं झुरळं जेलच्या जवळ जात नाहीत आणि पैसे वाया जातात. मी वर्षानुवर्षं दोन्ही एकदम करत होते. दोन आठवड्यांत लहान झुरळं दिसेनाशी झाली. महिन्यानं पुतण्या येऊन सुकलेले ठिपके बदलून गेला, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

एक प्रसंग लिहिल्याशिवाय राहवत नाही. एका मुलीच्या आईनं गावाहून फोन केला, की आमच्याकडे गव्हात ठेवायच्या गोळ्या मिळतात, खोली बंद करून चार ठेवा, एक ढेकूण राहणार नाही. मी काकांना सहज सांगितलं. तो माणूस तीन फेऱ्यांत एकदाही आवाज चढवून बोलला नव्हता. तेव्हा मात्र त्यांनी फोन मागून घेतला आणि त्या बाईंना स्वतः सांगितलं, “ताई, हात जोडतो, ह्या गोळ्या राहत्या घरात आणू नका.” त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन वायू निघतो, दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो, आणि झोपलेली माणसं मरतात. माझ्या वरच्या मजल्यावर नऊ मुली झोपतात. हे वाचणाऱ्यांत कोणाच्या घरी अशा गोळ्या असतील तर आजच्या आज बाहेर काढा. कचऱ्यात टाकू नका, पाणी लावू नका, जिथून आणल्या तिथल्या माहीतगार माणसाला विचारा.

दर रविवारी सकाळी मी आणि एक मुलगी, पाळीपाळीनं, बॅटरी आणि जुनं एटीएम कार्ड घेऊन नऊ पलंग तपासतो. पाऊण तास लागतो. नवीन मुलगी सगळ्यात बारकाईनं बघते. आतापर्यंत काही सापडलेलं नाही. दिवाळीहून परत येणाऱ्या मुलींच्या बॅगा यंदा खोलीत नेण्याआधी गॅलरीत उघडायच्या, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय, माझी बॅगही त्यात आली.

पाचपैकी पाच तारे दिलेत. उशिराचा आणि फुगलेल्या प्लायचा अर्धा कापायची सोय असती तर कापला असता. फोन सकाळी आठ ते दहा करा, काका स्वतः उचलतात. नंतर ते कोणाच्या तरी पलंगाखाली असतात आणि पुतण्या सगळे निरोप लिहून ठेवतोच असं नाही. पावसाळ्यात चार दिवस आधी सांगावं लागतं. आणि किडा सापडला तर चिरडू नका, पारदर्शक चिकटपट्टीत दाबून ठेवा. ते आल्यावर पहिलं तेच मागतात.